यंत्रांच्या दुरुस्तीला लागणारा वेळ कमी कसा करावा?

प्रश्न : पाळीप्रमुख

नमस्कार. एका मोठ्या इमारतीच्या देखभाल विभागाची जबाबदारी माझ्याकडे आहे. चिलर (वातानुकूलनासाठी पाणी थंड करणारी यंत्रे), कूलिंग टॉवर, पाण्याचे आणि अग्निशमनाचे पंप, एएचयू (थंड हवा खोल्यांत सोडणारी पंख्याची यंत्रे), डिझेल जनरेटर, यूपीएस आणि विजेची पॅनेल्स अशी लहानमोठी मिळून सुमारे ६०० उपकरणे आमच्या ताब्यात आहेत आणि तीन पाळ्यांत मिळून १४ तंत्रज्ञ ती सांभाळतात. लिफ्ट तेवढ्या वार्षिक करारावर बाहेर दिलेल्या आहेत. बाकी सर्व कामे आम्ही स्वतः करतो.

अडचण अशी की प्रतिबंधक देखभालीचे वेळापत्रक एकाही महिन्यात पूर्ण होत नाही, कारण दिवसाचा बराचसा वेळ बिघाडांमागे धावण्यात जातो. आणि वेळापत्रक अपुरे राहते म्हणूनच बिघाड वाढतात की काय, ही शंकाही मनातून जात नाही. मागच्या आठवड्यातले एक उदाहरण देतो. गच्चीवरच्या एका एएचयूचा, पंखा फिरवणारा पट्टा तुटला. पट्टे बदलणे हे आमच्या माणसांच्या हातचे २५ मिनिटांचे काम आहे, पण तक्रार आल्यापासून हवा सुरू होईपर्यंत साडेचार तास गेले. तंत्रज्ञ वर गेला तेव्हा जुन्या पट्ट्यावरचा क्रमांक घासून गेलेला होता. त्याने अंदाजाने बी ६८ मापाचा मागवला, तो सैल पडला, मग पुन्हा खाली जाऊन बी ६५ आणला. तोवर स्टोअरची पाळी बदलली होती आणि किल्ली शोधण्यात आणखी वेळ गेला.

व्यवस्थापनाने मला तीन पर्याय विचारले आहेत: माणसे वाढवावीत, देखभालीची संगणकप्रणाली घ्यावी, की काही यंत्रे कंत्राटावर द्यावीत. मला तिन्हींबद्दल खात्री वाटत नाही. ज्यांनी अशी घडी प्रत्यक्ष बसवली आहे त्यांनी सुरुवात कोठून केली, हे जाणून घ्यायचे आहे.

उत्तर १ : नियोजक

तुमच्या उदाहरणातच उत्तर आहे. २५ मिनिटांचे काम साडेचार तास चालले, म्हणजे चार तासांहून अधिक वेळ पान्याला हातही लागलेला नव्हता. अशा स्थितीत दोन माणसे वाढवलीत, तर किल्ली शोधणारे दोघे वाढतील. संगणकप्रणाली घेतलीत, तर किल्ली किती वेळ सापडत नव्हती याची सुबक नोंद मिळेल.

तीन पर्यायांपैकी काहीही निवडण्याआधी पुढच्या २० बिघाडांचा वेळ तुकड्यातुकड्यांत लिहून ठेवा. तक्रार नोंदली कधी, माणूस यंत्रापाशी पोहोचला कधी, दोष कळला कधी, यंत्र बंद करून वीज-पाण्यापासून वेगळे काढायची परवानगी मिळाली कधी, भाग हातात आला कधी, प्रत्यक्ष काम किती चालले आणि चाचणी घेऊन यंत्र कधी सोपवले. बहुतेक ठिकाणी फक्त पहिली आणि शेवटची वेळ लिहितात, आणि मग सरासरी दुरुस्तीचा वेळ म्हणून जो आकडा अहवालात जातो त्यातून काय सुधारायचे ते कोणालाच कळत नाही.

हा आकडा का महत्त्वाचा, ते एका गणितातून पाहा. यंत्राची उपलब्धता म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी काळ भागिले तो काळ अधिक दुरुस्तीचा सरासरी वेळ. एखादे यंत्र सरासरी ९९० तास चालून बिघडते आणि दुरुस्तीला १० तास लागतात, तर उपलब्धता ९९ टक्के. दुरुस्ती ५ तासांवर आणली, तर ती साधारण ९९.५ टक्के होते. दुरुस्ती १० तासांचीच ठेवून बिघाडांमधला काळ दुप्पट, म्हणजे १९८० तास केला, तरी उत्तर नेमके तेवढेच येते. वापरणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही सारखे. मात्र दुसऱ्या मार्गात तुमच्या माणसांच्या फेऱ्या निम्म्या होतात आणि पहिल्यात होत नाहीत. पण बिघाडांमधला काळ दुप्पट करायला वर्ष लागते, आणि दुरुस्तीतला वाया जाणारा वेळ निम्मा करायला दोन महिने पुरतात. म्हणून सुरुवात पहिल्यापासून करावी, असे माझे मत आहे.

यासाठी कारखान्यांत साचे बदलताना वापरतात ती पद्धत जशीच्या तशी उपयोगी पडते. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी १९६९ मध्ये टोयोटाच्या १००० टनी प्रेसचा (पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्राचा) साचा बदलण्याचा वेळ चार तासांवरून आधी दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आणला. त्यांनी माणसांना पळायला लावले नाही. यंत्र बंद असतानाच करावी लागणारी कामे कोणती आणि यंत्र चालू असताना करून ठेवता येणारी कोणती, एवढीच विभागणी केली आणि दुसऱ्या गटातली सगळी कामे आधी उरकली. तुमच्या पट्ट्याच्या बाबतीत क्रमांक शोधणे, पट्टा आणणे, योग्य मापाचा पाना आणणे आणि ताण मोजायचे साधन आणणे ही चारही कामे यंत्र फिरत असताना, किंबहुना बिघाड होण्याच्या कितीतरी आधी, होऊ शकत होती.

आमच्याकडे वारंवार होणाऱ्या ३० कामांसाठी तयार ट्रे आहेत. प्रत्येक ट्रेवर यंत्राचा क्रमांक, आत लागणारे सर्व भाग, गॅस्केट, हत्यारांची यादी आणि मागच्या वेळी काम करणाऱ्याने लिहिलेली एक ओळ, उदाहरणार्थ ‘मोटरच्या मागचा डावा बोल्ट १९ चा आहे, बाकीचे १७ चे’. ही एक ओळ पुढच्या माणसाची एक फेरी वाचवते. ट्रे भरणारा माणूस मात्र बिघाडांवर पाठवू नये. त्याला एकदा धावायला लावले, की दुसऱ्या दिवसाचे ट्रे रिकामे राहतात आणि सगळेच धावायला लागतात.

उत्तर २ : कंपनमापक

नियोजक यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, पण क्रमाबाबत माझा मतभेद आहे. जे काम करायलाच नको ते लवकर कसे करावे, हा प्रश्न आधी बाजूला काढला पाहिजे. पाळीप्रमुखांचे वेळापत्रक पूर्ण होत नाही, हे दुःख आहे की नशीब, तेही तपासून पाहावे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाईदलाच्या, समुद्रावर गस्त घालणाऱ्या कोस्टल कमांडच्या विमानांची दर ५० उड्डाणतासांनी तपासणी होत असे. शास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनपेक्षित दुरुस्त्यांच्या नोंदी उड्डाणतासांनुसार मांडल्या, तेव्हा तपासणीनंतर लगेचच बिघाड सर्वाधिक दिसले आणि जसजसे तास उलटले तसतसे ते कमी होत गेले. म्हणजे तपासणी स्वतःच बिघाड घडवत होती: उघडलेले झाकण नीट न बसणे, हाललेली तार, जास्त किंवा कमी आवळलेला बोल्ट. पुढे १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी लिहिलेल्या अहवालात विमानांच्या भागांचे बिघाड सहा प्रकारांत विभागले. वय वाढले म्हणून बिघडण्याची शक्यता वाढते, असे फक्त ११ टक्के भागांत आढळले. आणि ६८ टक्के भागांत तर बसवल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळातच धोका सर्वात जास्त होता. हे आकडे विमानांचे आहेत, ते पंपांना आणि पंख्यांना तसेच लावू नयेत. आपल्याकडे पट्टे, फिल्टर, मेकॅनिकल सील, बॅटऱ्या असे झिजणारे भाग अधिक असतात. पण ‘दर तीन महिन्यांनी उघडून पाहावे’ असे जिथे लिहिले आहे, तिथे उघडून नेमके काय सापडते, हे एकदा विचारायला हवे.

माझी पद्धत साधी आहे. प्रत्येक नियोजित कामासमोर मागच्या सहा फेऱ्यांत काय सापडले ते लिहितो. सहाही वेळा काहीच सापडले नसेल आणि ते काम सुरक्षेचे किंवा कायद्याने बंधनकारक नसेल, तर मुदत दुप्पट करतो. अग्निशमन पंपाची चाचणी, आपत्कालीन दिवे, दाबपात्रांची तपासणी यांना मी हात लावत नाही, तुम्हीही लावू नका. जनरेटरच्या बाबतीत तर उलटेच आहे. अनेक ठिकाणी तो दर आठवड्याला रिकामा चालवतात आणि समाधान मानतात. पण फार कमी भारावर चालवल्याने अर्धवट जळालेले इंधन आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचते. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या एनएफपीए ११० या मानकात महिन्यातून एकदा, किमान ३० मिनिटे, नेमप्लेटवरील क्षमतेच्या निदान ३० टक्के भारावर चालवण्याची अपेक्षा आहे. चार वेळा रिकामा चालवण्यापेक्षा एकदा भारावर चालवणे चांगले, आणि तेवढी माणसेही मोकळी होतात.

उरलेल्या कामांतली बरीचशी तारखेवरून काढून यंत्राच्या अवस्थेवर नेता येतात. फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक दाखवणारा मापी बसवा आणि उत्पादकाने दिलेली मर्यादा गाठली की फिल्टर बदला. धुळीच्या दिवसांत तो महिन्यात भरेल, एरवी चार महिने चालेल. चिलरच्या कंडेन्सरमधल्या रेफ्रिजरंटचे संघनन तापमान आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान यांतला फरक सारख्याच भारावर दर आठवड्याला लिहा. तो हळूहळू वाढू लागला की नळ्यांत क्षार किंवा गाळ बसतो आहे, असा संशय घ्यावा. नळ्या स्वच्छ असतील तर ठरलेला महिना आला म्हणून झाकण उघडायची गरज नसते. मध्यम आकाराच्या, म्हणजे साधारण १५ ते ७५ किलोवॅटच्या यंत्रांना आयएसओ १०८१६ या जुन्या आंतरराष्ट्रीय मानकात ७.१ मिमी प्रति सेकंद ही कंपनाची धोक्याची रेषा होती. आता त्या मानकाची जागा आयएसओ २०८१६ ने घेतली आहे. पण मी त्या रेषेपेक्षा त्याच यंत्राच्या मागच्या आकड्यांकडे अधिक पाहतो. १.२ वरून २.४ वर गेलेला पंप अजून ‘ठीक’ या पट्ट्यात असतो, पण त्याला काहीतरी होते आहे, हे निश्चित.

एक सावधगिरी सांगतो. तपासणी किती दिवसांनी करायची, हे दोष दिसू लागल्यापासून यंत्र बंद पडेपर्यंत किती काळ मिळतो त्यावर ठरवावे, यंत्राच्या वयावर नव्हे. बेअरिंगचा दोष जाणवल्यापासून दोन महिने मिळत असतील, तर महिन्यातून एकदा मोजणे पुरते. दोनच आठवडे मिळत असतील, तर महिन्याची फेरी म्हणजे निव्वळ कागद भरणे.

जाता जाता ग्रीसबद्दल, कारण या विषयावर मी सगळ्यात जास्त भांडलो आहे. ‘ग्रीस द्यावे’ असे कार्डावर लिहिलेले असते, किती ते लिहिलेले नसते. बेअरिंगचा बाहेरचा व्यास आणि रुंदी मिलिमीटरमध्ये घेऊन गुणाकार ०.००५ ने गुणला, की ग्रॅममध्ये साधारण मात्रा मिळते. ६३०९ क्रमांकाच्या बेअरिंगचा व्यास १०० आणि रुंदी २५, म्हणून साडेबारा ग्रॅम. आता आपल्या ग्रीस गनचे दहा दाब कागदावर घेऊन वजन करा आणि एका दाबात किती ग्रॅम येते ते गनवरच लिहून ठेवा. आमच्या दोन गनमध्ये जवळजवळ दुपटीचा फरक निघाला होता आणि दोन्ही पाळ्यांचे लोक ‘दहा दाब’ देत होते. जादा ग्रीस घुसळले जाऊन बेअरिंग तापते, आणि मोटरच्या वाइंडिंगचे तापमान सतत १० अंशांनी जास्त राहिले तर इन्सुलेशनचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा जुना ठोकताळा आहे. दोन्ही बाजूंनी बंद असलेल्या बेअरिंगला तर ग्रीस द्यायचेच नसते; तरी त्याचे कार्ड दर तिमाहीला निघते आणि त्यावर ‘काम पूर्ण’ अशी सहीही होते.

उत्तर ३ : जुना फिटर

वरील दोघांनी कागदावरचे सांगितले, मी यंत्रापाशी उभा राहून सांगतो.

पहिली गोष्ट, यंत्राचा क्रमांक दहा फुटांवरून वाचता येईल एवढा मोठा रंगवा. चार सारख्या पंपांपैकी चुकीचा पंप उघडलेला मी पाहिला आहे. दुसरी, पट्ट्याचा क्रमांक, फिल्टरचे माप, बेअरिंगचे क्रमांक आणि ग्रीसचा प्रकार पट्ट्याच्या गार्डवर बाहेरून रंगाने लिहा. प्रणालीत असेल तर उत्तमच, पण गच्चीवर भर उन्हात मोबाइलच्या पडद्यावर काही दिसत नाही. तिसरी, दाबमापीच्या काचेवर नेहमीच्या दाबाचा हिरवा पट्टा ओढा. मग राऊंड घेणाऱ्या नवख्या मुलालाही काटा कुठे असायला हवा ते विचारावे लागत नाही. चौथी, फिरण्याच्या दिशेचा बाण.

या बाणामुळे एकदा आमचे दोन तास गेले, किंवा बाण नसल्यामुळे गेले म्हणा. एका पंपाची मोटर जळाली, दुसरी बसवली, पंप सुरू झाला, पाणीही आले, पण दाब अर्धाच. आम्ही झडपा तपासल्या, गाळणी उघडली, हवा काढली, शेवटी इम्पेलर (पंपातले पाणी ढकलणारे चाक) तुटला असेल म्हणून पंपाचे केसिंग खोलायला निघालो होतो. मोटरचे दोन फेज अदलाबदल होऊन ती उलटी फिरत होती. सेंट्रिफ्यूगल पंप उलटा फिरला तरी थोडे पाणी देतोच, म्हणून संशय येत नाही. तेव्हापासून मोटरची जोडणी सोडली, की कपलिंग बसवण्याआधी क्षणभर फिरवून दिशा पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही.

आणि साहेब लोकांना एक विनंती. तपासणीच्या कागदावर ४० चौकोन देऊ नका. ४० चौकोन असले, की जिन्यात बसून ४० बरोबरच्या खुणा होतात. सहाच ओळी द्या, पण प्रत्येक ओळीत आकडा मागा: दाब किती, अँपिअर किती, तापमान किती. आकडा लिहायचा म्हणजे यंत्रापर्यंत जावेच लागते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : पाळीप्रमुख

सर्वांचे मनापासून आभार. नियोजक यांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही वेळेचे तुकडे लिहायला सुरुवात केली आणि तीन आठवड्यांत २२ बिघाडांची नोंद झाली. एकूण ६१ तास गेले. त्यांपैकी प्रत्यक्ष काम आणि चाचणी १७ तास, भाग शोधणे आणि आणणे १६, परवानगी आणि यंत्र वेगळे काढणे ११, दोष शोधणे ९ आणि हत्यारांसाठी किंवा माहितीसाठी केलेल्या फेऱ्या ८. माझा अंदाज होता की निदानात सर्वाधिक वेळ जात असेल. तो साफ चुकला.

जुन्या फिटर यांची ४० चौकोनांची गोष्ट वाचून मी आमचा कागद मोजला, त्यात ४६ निघाले.

आता दोन शंका आहेत. परवानगी आणि कुलूप लावण्याची प्रक्रिया (दुरुस्ती चालू असताना कोणी यंत्र सुरू करू नये म्हणून त्याचा पुरवठा बंद करून कुलूप लावणे) ११ तास खाते. छोट्या कामांसाठी ती सोपी करावी, अशी तंत्रज्ञांची मागणी आहे. ती मान्य करावी का? आणि संगणकप्रणाली घ्यायचीच झाली, तर आधी काय तयार असायला हवे?

उत्तर ४ : कुलूपकिल्ली

पहिल्या शंकेचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. मात्र ११ तासांतला बराचसा वेळ कुलूप लावण्यात जात नसून कोणते कुलूप कोठे लावायचे ते ठरवण्यात जात असणार. म्हणून कुलूप काढून टाकू नका, शोधाशोध काढून टाका.

प्रत्येक यंत्रासाठी एका पानाचे कार्ड तयार करा. वीज कोणत्या पॅनेलच्या कोणत्या फीडरवरून येते, कंट्रोलचा वेगळा पुरवठा आहे का, पाणी, हवा किंवा वाफ कोणत्या झडपांनी बंद होते, बंद केल्यावरही आत काय साठून राहते आणि शून्य झाल्याची खात्री कशी करायची, एवढे त्यावर असावे. अमेरिकेत १९८९ मध्ये ओशा या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेने जाहीर केलेल्या नियमातही यंत्रानुसार लेखी पद्धत हाच पाया आहे. हे कार्ड यंत्र चालू असताना, शांतपणे, एकदाच लिहायचे असते. लागणारी कुलपे, टॅग आणि झडपांची आवरणे त्याच प्लांट रूममध्ये एका पेटीत ठेवली, की खालीवर जाणेही थांबते.

साठलेल्या ऊर्जेबाबत दोन ठिकाणी हमखास घाई होते. पंख्याच्या व्हीएफडीचा (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा) पुरवठा बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतदाब काही मिनिटे टिकून राहतो. ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटे थांबलेच पाहिजे आणि नंतर मोजलेच पाहिजे. मोजण्याआधी मापी चालू असलेल्या पुरवठ्यावर तपासावा, मग बंद यंत्रावर मोजावे आणि पुन्हा एकदा चालू पुरवठ्यावर तपासावा, नाहीतर बंद पडलेला मापीही शून्यच दाखवतो. दुसरे म्हणजे पंखा. एकाच डक्टवर दुसरा पंखा चालू असेल, तर बंद केलेला पंखा हवेच्या झोताने फिरत राहतो, आणि पट्ट्यात बोटे जाण्याचे अपघात असेच होतात.

वेळ खरा वाचतो तो कुलपांची संख्या कमी केल्याने. एएचयूला एकदा कुलूप लागले, की पट्टा, फिल्टर, पाण्याचा ट्रे, ड्राइव्हची टर्मिनल्स आणि डॅम्परचे सांधे ही सगळी कामे त्याच वेळी उरकावीत. बहुतेक वेळापत्रकांत ही कामे वेगवेगळ्या कार्डांवर आणि वेगवेगळ्या आठवड्यांत असतात, कारण पट्टा मेकॅनिकलचा आणि टर्मिनल इलेक्ट्रिकलचे. यंत्राला हा भेद कळत नाही. तुमच्या नोंदींत एकाच यंत्राला महिन्यात किती वेळा कुलूप लागले, तेवढे मोजून पाहा.

उत्तर ५ : नियोजक

संगणकप्रणालीबद्दल मी लिहितो, कारण त्यात मी एकदा तोंडघशी पडलो आहे. आम्ही प्रणाली आधी घेतली आणि यंत्रांची यादी नंतर भरली. एकाच पंपाची तीन नावे तयार झाली: कोणी मजल्यावरून लिहिले, कोणी कामावरून, कोणी उत्पादकाच्या क्रमांकावरून. वर्षभराने त्या पंपाचा इतिहास काढायला गेलो तेव्हा तो तीन ठिकाणी विखुरलेला होता. त्यामुळे आधी नाव, जागा आणि क्रमांक एका पद्धतीने ठरवा आणि जुना फिटर म्हणतात तसे ते यंत्रावर रंगवा, नंतर प्रणाली.

सगळी ६०० उपकरणे एकदम भरू नका. बंद पडली तर इमारत किंवा माणसे अडचणीत येतील, अशी ५०-६० निवडा आणि त्यांचीच पूर्ण माहिती भरा: भाग, क्रमांक, कुलपाचे कार्ड, मागचा इतिहास. उरलेल्यांत असे बरेच असते की जे बिघडू द्यावे आणि मग बदलावे. भांडारातल्या एक्झॉस्ट पंख्याची दर महिन्याला तपासणी करणे म्हणजे मुख्य पंपाचा वेळ त्याला देणे. बिघाडाच्या कारणांची यादीही छोटी ठेवा. आमच्या पहिल्या यादीत ८० कारणे होती आणि तंत्रज्ञ न चुकता ‘इतर’ निवडत. आता १२ आहेत, आणि ‘इतर’ निवडले तर एक ओळ लिहावीच लागते.

वेळापत्रक अपुरे राहणे हे दुःख की नशीब, या कंपनमापक यांच्या प्रश्नाबद्दल: मीही वेळापत्रकाच्या पूर्ततेची टक्केवारी हा एकच निकष ठेवण्याच्या विरुद्ध आहे. ती वाढवण्याचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे न केलेल्या कामावर सही करणे. मी दर महिन्याला दोनच गोष्टी पाहतो: एकूण कामातला किती भाग आधी ठरवलेला होता, आणि एकाच यंत्राचा तोच बिघाड ३० दिवसांत पुन्हा आला का. दुसरा आकडा लपवता येत नाही, कारण तक्रार करणारा बाहेरचा असतो.

उत्तर ६ : कंपनमापक

एवढेच जोडतो की ट्रे आणि सुटे भाग यांची यादी करताना ‘किती वापरले जाते’ यावर थांबू नका. पाच वर्षांत एकदाच लागणारा, पण मिळायला दहा आठवडे लागणारा भाग स्टोअरमध्ये हवा. रोज लागणारा, पण तासाभरात मिळणारा भाग कमी असला तरी चालतो. ठेवलेले भाग नुसते पडून राहिले तरी खराब होतात. राखीव मोटरचा शाफ्ट दर महिन्याला हाताने फिरवावा आणि वेगळ्या ठिकाणी थांबवावा, नाहीतर आजूबाजूच्या यंत्रांच्या कंपनाने बेअरिंगच्या गोळ्या एकाच जागी घासून खाचा पडतात आणि नवी मोटर पहिल्याच दिवशी आवाज करते. व्हीआरएलए (यूपीएसमध्ये असतात तशा बंदिस्त शिसे-आम्ल) बॅटऱ्या तर चार्ज न करता ठेवूच नयेत.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : पाळीप्रमुख

व्यवस्थापनाला मी कळवले आहे की सध्या माणसे आणि प्रणाली दोन्ही नकोत. एका तंत्रज्ञाला बिघाडांतून पूर्ण मोकळे करून ट्रे आणि कुलपांची कार्डे तयार करण्यासाठी सहा महिने द्यावेत. मंजुरी तीन महिन्यांची मिळाली. पहिले काम म्हणून सर्व एएचयूंच्या पट्ट्यांचे क्रमांक गार्डवर लिहून झाले आणि प्रत्येकासाठी एक संच प्लांट रूममध्ये खिळ्याला टांगला आहे.

उत्तर ७ : जुना फिटर

काम उत्तम केलेत, पण पट्टे खिळ्यावरून आजच उतरवा. खिळ्यावर टांगलेल्या पट्ट्याला आपल्याच वजनाने एका ठिकाणी घडी पडते आणि तो तिथेच तुटतो. रुंद, गोल आधारावर ठेवा किंवा सैल वेटोळे करून फळीवर ठेवा, आणि चालू मोटरींपासून, वेल्डिंगच्या जागेपासून आणि उन्हापासून दूर. ओझोनने आणि उन्हाने रबराला तडे जातात. बदलताना पुलीवरचे सगळे पट्टे एकदम बदला, एकटा नवा पट्टा जुन्यांचाही भार ओढतो. आणि नवा संच बसवल्यावर एक-दोन दिवस चालू द्या, मग पुन्हा ताण तपासा. त्या फेरीचे कार्डही आत्ताच ट्रेमध्ये टाकून ठेवा, नंतर कोणाच्या लक्षात राहत नाही.